वर्तनाचं जैविक अधिष्ठान: ‘सगळं मेंदूतच असतं’ म्हणजे नेमकं काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे: माणसं समजून घ्यायची म्हणून मानसशास्त्र घेतलं आणि पहिल्याच वर्षी ‘वर्तनाचं जैविक अधिष्ठान’ हे प्रकरण समोर आलं. चेतापेशी, आयन, मेंदूचे खंड, संप्रेरकांची यादी. हे सगळं पाठ कशासाठी करायचं? आणि राग, माया, आठवण ही शेवटी मेंदूतली रसायनंच असतील, तर मानसशास्त्राला स्वतःचं असं काय उरतं?

मी २२ वर्षं चिकित्सा मानसशास्त्रात काम करते आहे. त्यातली बरीच वर्षं मेंदूला इजा झालेल्या रुग्णांसोबत गेली, आणि जोडीला पहिल्या वर्षाला हेच प्रकरण शिकवतेही. मला दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो, म्हणून तिथूनच सुरुवात करते. अधिष्ठान म्हणजे ज्याच्यावर एखादी गोष्ट उभी असते ते. मेंदूशिवाय वर्तन नाही, हे खरंच आहे. पण म्हणून प्रत्येक वर्तनाचं कारण मेंदूत शोधलं की सापडेल, असं त्यातून निघत नाही. आधार आणि कारण यांची गल्लत पहिल्या वर्षाचे विद्यार्थी करतातच, पण पदव्या घेतलेली माणसंही करतात, आणि त्याचा त्रास रुग्णांना होतो.

एक साधा प्रसंग घ्या. तापलेल्या इस्त्रीला चुकून बोट लागतं. हात झटकन मागे येतो, चटका बसतो, आणि क्षणभराने ती खोल, पसरत जाणारी आग सुरू होते. हे एकदम घडल्यासारखं वाटतं, पण त्याचे टप्पे वेगवेगळे आहेत. हात मागे घेण्याचं काम मज्जारज्जूच्या पातळीवरच उरकतं. त्वचेकडून आलेला संदेश तिथल्या तिथे मधल्या चेतापेशींमार्फत स्नायूंकडे वळवला जातो, मेंदूला खबर लागेपर्यंत हात निघालेला असतो. चटक्याची खबर नेणाऱ्या तंतूंवर मायलिनचं पातळ आवरण असतं, आणि त्यांचा वेग सेकंदाला साधारण ५ ते ३० मीटर असतो. मागाहून येणाऱ्या आगीची खबर नेणारे तंतू उघडे असतात, त्यांचा वेग सेकंदाला जेमतेम १ मीटरच्या आसपास. बोटापासून मेंदूपर्यंतचं अंतरही साधारण तेवढंच. म्हणून ती आग सेकंदभर मागे राहते. मायलिनमुळे वहनाचा वेग वाढतो, हे पुस्तकातलं वाक्य तुमच्या बोटाला कधीचंच माहीत आहे.

आता हात तोच, पण हातात उकळत्या पाण्याचं भांडं आहे आणि पायाशी मूल रांगतंय. भांड्याचे कान चांगलेच पोळताहेत, तरी भांडं सुटत नाही. ओठ दाबून दोन पावलं टाकून तुम्ही ते ओट्यावर ठेवता आणि मगच हात झटकता. मेंदूकडून मज्जारज्जूत उतरणारे संदेश त्या प्रतिक्षिप्त क्रियेला तेवढा वेळ दाबून धरतात. त्वचा तीच, तंतू तेच, स्नायू तेच, आणि वर्तन मात्र अगदी उलट. या फरकाचं स्पष्टीकरण देताना तुम्हाला मुलाचा उल्लेख करावाच लागेल. उतरणाऱ्या चेतामार्गांची नावं कितीही बिनचूक सांगितलीत तरी ते मूल गाळून तुमचं उत्तर पूर्ण होणार नाही. आणि चेतामार्ग गाळून नुसतं ‘मुलाच्या काळजीपोटी’ म्हटलंत, तर पोळणारा हात बंद कसा राहिला, हे सांगायचं राहून जातं. मानसशास्त्राला काय उरतं, या प्रश्नाचं माझं उत्तर या भांड्यात आहे.

पाठांतराबद्दल. नावं पाठ करावी लागतील, त्याला इलाज नाही. भाषा शिकताना शब्द पाठ करावे लागतात तसंच. पण या प्रकरणातल्या प्रत्येक विधानाला एक प्रश्न विचारायची सवय लावून घ्या: हे कळलं कसं? मी वर्गात तेच करते, आणि एरवी शेवटच्या बाकावर मान टाकून बसणारी मुलंही तेव्हा सरसावून बसतात.

चेतासंदेशाचा वेगच बघा. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात योहानेस म्युलर यांच्यासारखा नामांकित शरीरक्रियाशास्त्रज्ञ मानत होता की हा वेग मोजणं माणसाला कदाचित कधीच जमणार नाही. त्यांचाच विद्यार्थी हेर्मान हेल्महोल्ट्झ याने १८५० च्या सुमारास बेडकाच्या पायाची चेता घेतली, तिला एकदा स्नायूजवळ आणि एकदा स्नायूपासून लांब विजेचा धक्का दिला, आणि स्नायू आखडायला लागलेल्या वेळांतला फरक मोजला. वेग निघाला सेकंदाला तीसेक मीटर. वीज किंवा प्रकाश यांच्यापुढे हा वेग काहीच नाही. या आकड्याचा अर्थ फार मोठा होता. जाणवणं, ठरवणं, हात उचलणं यांना वेळ लागतो आणि तो वेळ मोजता येतो, हे प्रथमच दिसलं. प्रतिक्रियाकाल मोजणारं प्रायोगिक मानसशास्त्र पुढे याच वाटेने आलं.

दोन चेतापेशींमध्ये फट असते, तिला आपण सायनॅप्स म्हणतो. संदेश ही फट ओलांडतो कसा, विजेने की रसायनाने, यावर शास्त्रज्ञांमध्ये बराच काळ वाद होता. ओटो लोवी यांनी १९२१ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग इतका साधा आहे की तो एकदा समजला की विसरणं कठीण. बेडकाची दोन हृदयं द्रवात धडधडत ठेवलेली. पहिल्याला वेगस चेता जोडलेली आहे, दुसऱ्याची काढून टाकली आहे. चेतेला धक्का दिला की पहिलं हृदय मंदावतं. मग त्याच्याभोवतीचा द्रव उचलून दुसऱ्या हृदयावर सोडला, आणि तेही मंदावलं. दुसऱ्याला चेताच नाही, म्हणजे संदेश द्रवातून गेला. त्या पदार्थाला आज आपण ॲसिटिलकोलिन म्हणतो. लोवी यांना १९३६ चं नोबेल हेन्री डेल यांच्यासोबत मिळालं. त्यांनीच सांगून ठेवलंय की प्रयोगाची कल्पना रात्री झोपेत सुचली, जागे होऊन त्यांनी ती कागदावर खरडली आणि सकाळी स्वतःचंच अक्षर त्यांना लागेना. दुसऱ्या रात्री ती पुन्हा सुचली, तेव्हा मात्र ते उठून थेट प्रयोगशाळेत गेले.

मेंदूचे भाग, त्यांच्या आकृत्या, उजवा-डावा गोलार्ध यांवर मी इथे वेळ घालवत नाही. ते कुठल्याही चांगल्या पुस्तकात आहे, आणि स्वतः आकृती काढत चार वेळा उजळणी केली की बसतं. दोनच गोष्टी डोक्यातून काढून टाका: आपण मेंदूचा फक्त १० टक्के भाग वापरतो ही, आणि माणसं ‘उजव्या मेंदूची’ किंवा ‘डाव्या मेंदूची’ असतात ही. शरीराच्या वजनाच्या २ टक्के असलेला हा अवयव विश्रांतीतही शरीराची जवळजवळ २० टक्के ऊर्जा घेतो. त्यातला नव्वद टक्के भाग रिकामा बसलेला असता, तर हा खर्च शरीराला परवडला नसता.

भागांपेक्षा मला फिनिअस गेजवर थांबायचंय, कारण तो जवळजवळ प्रत्येक पुस्तकात असतो आणि अर्धाच सांगितलेला असतो. १३ सप्टेंबर १८४८, अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात रेल्वेमार्गासाठी खडक फोडण्याचं काम चालू होतं. सुरुंगाची दारू ठासताना स्फोट झाला आणि सुमारे ६ किलो वजनाची, साडेतीन फुटांहून लांब लोखंडी पहार २५ वर्षांच्या गेजच्या डाव्या गालाखालून शिरून कवटीच्या माथ्यातून बाहेर गेली. तो वाचला. पण कष्टाळू, भरवशाचा हा मुकादम नंतर लहरी आणि तोंडाळ झाला. तो आता पूर्वीचा गेज राहिला नाही, असं ओळखीची माणसं म्हणू लागली, अशी नोंद त्याच्या डॉक्टरांनी, जॉन हार्लो यांनी केली. पुस्तक इथे संपतं आणि निष्कर्ष काढतं: ललाट खंड, म्हणजे मेंदूचा कपाळामागचा भाग, गेला की स्वभाव गेला.

गेज मात्र त्यानंतर साडेअकरा वर्षं जगला. त्यातली बरीच वर्षं त्याने चिली देशात घोडागाडी हाकली, ठरलेल्या मार्गावर, ठरलेल्या वेळी, उतारू घेऊन. अनेक घोड्यांचे लगाम एकाच वेळी सांभाळणं, वाटेत निर्णय घेणं, लोकांशी नीट वागणं हे सगळं त्या कामात येतं. म्हणजे तो बराच सावरला होता असं दिसतं, आणि नेमाने आखलेल्या दिनक्रमाचा त्यात मोठा हात असावा, असं आज अभ्यासक मानतात. मला ते सहज पटतं, कारण हे मी समोर पाहिलेलं आहे.

अपघातात कपाळामागच्या भागाला मार लागलेले एक गृहस्थ माझ्याकडे येत असत. चाचण्यांत बुद्धी शाबूत, बोलणं स्वच्छ. मी विचारलं, ‘‘टेबलावर पाणी सांडलं तर काय कराल?’’ म्हणाले, ‘‘आधी कागद उचलेन, मग फडक्याने पुसेन.’’ थोड्या वेळाने त्यांच्याच कोपराचा धक्का लागून पेला कलंडला. पाणी माझ्या कागदांकडे सरकत होतं, ते बघत होते, आणि हात मांडीवर तसेच. कागदांची कड भिजून निळी शाई पसरायला लागली तरी ते हलले नाहीत. मी म्हटलं, ‘‘कागद उचला.’’ लगेच उचलले, पुसलंही नीट. काय करायचं ते माहीत होतं, करता येत होतं, फक्त आतून सुरुवात होत नव्हती.

घरी पत्नीला वाटत होतं की हे मुद्दाम करतात. ‘‘सांगितलं की करतात हो मॅडम, म्हणजे येतं की! मग आपणहून का नाही करत?’’ या प्रश्नात राग होता आणि त्याहून जास्त थकवा होता. ललाट खंडाचं काम मी त्यांना कागदावर चित्र काढून समजावलं, तेव्हा त्या बराच वेळ गप्प राहिल्या. पुढे आम्ही त्यांच्या दिवसाला बाहेरून धक्के दिले: ठरावीक वेळांचे गजर, दारावर चिकटवलेली चिठ्ठी, एका वेळी एकच काम. काही महिन्यांत घरातली भांडणं कमी झाली. इजा होती तिथेच होती. ती कुठे आहे हे कळल्यामुळे घर बदलता आलं, आणि घर बदलल्यामुळे त्यांचं वागणं बदललं. चेतापेशींचं प्रकरण माणसं समजून घ्यायला कसं उपयोगी पडतं, असं कुणी विचारलं की मला हे जोडपं आठवतं.

आता रसायनांकडे, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहेत. ‘डोपामाइन म्हणजे आनंदाचं रसायन’ हे वाक्य उत्तरपत्रिकेत लिहू नका. वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूतल्या डोपामाइन पेशींची नोंद घेतली. अचानक फळांचा रस मिळाला की पेशी जोरात पेटायच्या, म्हणजे संदेशांचा मारा करायच्या. मग रसाआधी एक खूण दाखवायला सुरुवात केली. माकड ती खूण शिकलं तसा पेशींचा प्रतिसाद खुणेवर सरकला, आणि रस आल्यावर त्या शांतच राहू लागल्या. रस तोच होता, आणि माकड तो आवडीनेच पीत होतं. खूण दाखवून रस दिलाच नाही, तर ज्या क्षणी तो यायला हवा होता, नेमक्या त्या क्षणी पेशींचा मारा नेहमीपेक्षा खाली गेला. म्हणजे या पेशी अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतला फरक नोंदवत होत्या, आणि त्या फरकातून मेंदू शिकतो. शिवाय हेच डोपामाइन मेंदूच्या दुसऱ्या वाटेवर हालचालींसाठी लागतं. त्या वाटेवरच्या पेशी मरू लागल्या की पार्किन्सन्सचा आजार होतो. त्यावर दिल्या जाणाऱ्या डोपामाइनसारखं काम करणाऱ्या औषधांनी काही रुग्णांना जुगाराचा किंवा खरेदीचा अनावर नाद लागतो. एकच रसायन कुठल्या वाटेवर आहे, त्याला प्रतिसाद देणारा पेशीवरचा ग्राही (रिसेप्टर) कुठला आहे, यावर त्याचं काम ठरतं.

सेरोटोनिनचंही तसंच. ‘नैराश्य म्हणजे सेरोटोनिनची कमतरता’ हे सोपं सूत्र आहे, पण गोष्ट इतकी सरळ नाही. शरीरातलं बहुतेक सेरोटोनिन तर आतड्यात असतं. नैराश्यावरची नेहमीची औषधं सायनॅप्समधलं सेरोटोनिन काही तासांतच वाढवतात, पण मन सावरायला साधारणपणे काही आठवडे लागतात. केवळ कमतरता भरून काढण्याचा मामला असता, तर हा उशीर झाला नसता. औषधं अनेकांना उपयोगी पडतात, मी स्वतः रुग्णांना मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवते आणि औषध मनाने बंद करू नका असं बजावून सांगते. मात्र ‘तुमच्या मेंदूत केमिकल कमी आहे’ एवढंच सांगून त्यांना घरी पाठवणं मला अयोग्य वाटतं. त्यातून पुष्कळांना वाटायला लागतं की आता आपल्या हातात काहीच नाही. मी त्या खोलीत बसून हे चेहरे बघितलेले आहेत.

भागांच्या बाबतीतही ‘अमुक भाग म्हणजे अमुक भावना’ अशी जोडी लावू नका. अमिग्डाला म्हणजे भीती, हे तुम्ही वाचलं असेल. एस. एम. या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या एका स्त्रीचे दोन्ही बाजूंचे अमिग्डाला एका दुर्मीळ आजाराने नष्ट झाले. साप, भीतिदायक चित्रपट, जिवावरचे प्रसंग, कशाचीही तिला भीती वाटत नसे. मग तिला नियंत्रित स्थितीत ३५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेली हवा एकदा हुंगायला दिली, आणि ती घाबरून गुदमरल्यासारखी धडपडली, मास्क काढायला लागली. २०१३ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. बाहेरच्या धोक्याची भीती आणि शरीराच्या आतून उठणारी भीती यांच्या वाटा वेगळ्या असल्या पाहिजेत. एका शब्दाखाली आपण किती वेगळ्या गोष्टी कोंबतो, हे मेंदूचा अभ्यास असा दाखवून देतो, आणि हा त्याचा मानसशास्त्राला होणारा सगळ्यात मोठा उपयोग आहे असं मला वाटतं.

मेंदूच्या रंगीत चित्रांबद्दल एवढंच लक्षात ठेवा: एफएमआरआय विचार दाखवत नाही, चेतापेशींचा मारासुद्धा थेट दाखवत नाही. कुठल्या भागात प्राणवायूयुक्त रक्ताचं प्रमाण बदललं, हे तो मोजतो, आणि रंग संख्याशास्त्रीय गणितानंतर भरले जातात. २००९ मध्ये काही संशोधकांनी मेलेला सामन मासा यंत्रात ठेवून त्याला माणसांची छायाचित्रं ‘दाखवली’. हजारो बिंदूंची एकदम तुलना करताना घ्यायची दुरुस्ती गाळली, तर त्या माशाच्या मेंदूतही ‘हालचाल’ दिसली. ती दुरुस्ती घेतल्यावर सगळं नाहीसं झालं.

आता उलट दिशा. अनुभव मेंदू घडवतो, आणि या प्रकरणातला हा भाग घाईत वाचला जातो. ह्यूबेल आणि वीझेल यांनी मांजरीच्या पिल्लाचा एक डोळा आयुष्याच्या सुरुवातीचे काही आठवडे बंद ठेवला. नंतर उघडला तर डोळा ठणठणीत, पण दृष्टीच्या कॉर्टेक्समधल्या (मेंदूच्या बाहेरच्या थरातल्या) पेशी त्या डोळ्याला जवळजवळ प्रतिसादच देईनात. मोठ्या मांजरीत असं झालं नाही. लंडनच्या टॅक्सीचालकांना सुमारे २५,००० रस्ते तोंडपाठ करून परीक्षा द्यावी लागते. एलिनॉर मॅग्वायर यांच्या गटाने २००० साली दाखवलं की त्यांच्या हिप्पोकॅम्पसचा (मेंदूतल्या स्मृतीशी निगडित भागाचा) मागचा भाग इतरांपेक्षा मोठा असतो. मुळातच तो मोठा असलेली माणसं या धंद्यात येत असतील, ही शंका इथे यायलाच हवी. ती त्यांनाही आली. पुढच्या अभ्यासात त्यांनी शिकाऊ उमेदवारांचे मेंदू आधी आणि काही वर्षांनी असे दोनदा पाहिले. सुरुवातीला फरक नव्हता. जे परीक्षा पास झाले त्यांच्यात तो भाग वाढला होता, नापास झालेल्यांत नाही.

जनुकांबाबत फेनिलकीटोन्यूरिया हा आजार मी नेहमी सांगते. तो पूर्णपणे अनुवंशिक आहे. एका विकराच्या (एन्झाइमच्या) जनुकात दोष असतो, फेनिलअॅलनिन नावाचं अमिनो आम्ल शरीरात साठतं आणि उपचार नसतील तर बाळाच्या मेंदूची गंभीर हानी होते. पण जन्मल्याबरोबर तपासणी करून फेनिलअॅलनिन अगदी मोजकं असलेला आहार सुरू ठेवला, तर मुलाची वाढ बहुतांशी नेहमीसारखी होते. कारण शंभर टक्के जनुकात आणि उपाय ताटात. ‘जैविक आहे म्हणजे बदलणार नाही’ असं कुणी म्हटलं की हे एक उदाहरण पुरतं.

शेवटी अभ्यासाचा एक घरगुती प्रयोग सुचवते. एका कागदावर दुहेरी रेषांचा पाच टोकांचा तारा काढा. समोर आरसा उभा करा, हातावर पुठ्ठ्याचा आडोसा धरा म्हणजे हात थेट दिसणार नाही, आणि फक्त आरशात बघत दोन रेषांच्या मधून पेन्सिल फिरवा. पहिल्यांदा पेन्सिल कोपऱ्यावर अडून बसेल, पुढे न्यायची तर मागे येईल. वेळ आणि चुका लिहून ठेवा, आणि रोज दहा वेळा असं तीन दिवस करा.

१९५३ साली अपस्माराच्या शस्त्रक्रियेत हेन्री मोलेसन या २७ वर्षांच्या तरुणाच्या मेंदूतून दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा बराच भाग काढला गेला. त्यानंतर २००८ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याला नव्या घटना लक्षात ठेवता आल्या नाहीत. ब्रेंडा मिल्नर यांनी त्याच्याकडून हाच तारा तीन दिवस काढून घेतला. दर वेळी त्याला नव्याने समजावून सांगावं लागे, आपण हे आधी केलंय हे त्याला आठवत नसे, आणि तरी तिसऱ्या दिवशी त्याचा हात सफाईने फिरत होता. तुमच्या तिसऱ्या दिवसाच्या चुका पहिल्या दिवसाशी ताडून बघा, आणि मग स्मृतीच्या प्रकारांचं पान उघडा.